जुन्या पॅकार्डमधले डिझेल

कोथरूडमधील कारखान्यामुळे आणि कर्वेनगरमधील मुलींच्या अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे पुणेकरांना ‘कमिन्स’ हे नाव चांगलेच परिचित आहे. ते एका माणसाचे आडनाव होते, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर पुण्यात कंपनी स्थापन झाली, तेव्हा क्लेसी लायल कमिन्स हयात होते. पण आपलेच नाव लावणाऱ्या मूळ कंपनीतून ते तोपर्यंत निवृत्त झाले होते.

अमेरिकेतील इंडियाना राज्यात एका शेतकरी कुटुंबात २७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांचा जन्म झाला. आठवीनंतर शाळा सुटली. यंत्रांचे वेड मात्र लहानपणापासूनचे. कोलंबस या लहानशा गावातील विल्यम ग्लँटन अर्विन या बँकमालकाकडे १९०८ मध्ये ते मोटारचालक म्हणून रुजू झाले आणि तेथेच त्यांच्या आयुष्याला वळण लागले. अर्विन यांनी या तरुणाचे हात ओळखले, त्याच्या कार्यशाळेला आधार दिला आणि १९१९ मध्ये त्यांच्याच पैशांवर कमिन्स इंजिन कंपनी उभी राहिली.

पुढची दहा वर्षे तोट्याची होती. शेतकऱ्यांसाठी बनवलेली छोटी इंजिने सिअर्स रोबक या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीमार्फत खपवण्याचा प्रयत्न झाला. पण पसंत नसल्यास परत करण्याची सवलत ग्राहकांनी मनसोक्त वापरली. डिझेल म्हणजे बोटीत किंवा कारखान्यात एका जागी धडधडणारे अवजड धूड, अशीच सर्वांची समजूत होती. त्यातच १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. अर्विन यांनी आता हात आखडता घेतला असता, तर त्यांना दोष देता आला नसता.

अशा वेळी क्लेसींनी केले ते एखाद्या हिकमती मेकॅनिकला शोभणारे होते. त्यांनी वापरलेली एक जुनी पॅकार्ड लिमोझिन घेतली, तिचे पेट्रोल इंजिन उतरवले आणि त्या जागी आपले बोटींसाठीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवले. सांगायला सोपे, करायला अवघड. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा प्रचंड दाबून तापवायची आणि त्यात इंधन फवारायचे. तो दाब सोसण्यासाठी इंजिनाचे अंग जाडजूड करावे लागते. साहजिकच ते वजनदार होते, फेऱ्याही कमी घेते. पण कमी फेऱ्यांतच त्याची ओढ भरपूर असते. हलक्या, वेगवान पेट्रोल इंजिनासाठी आखलेल्या सांगाड्यात असा ऐवज बसवून तो रस्त्यावर चालवणे हे धाडसच होते.

१९२९ च्या नाताळच्या दिवशी क्लेसींनी अर्विन यांना या मोटारीतून फिरवून आणले. कंपनीचा पैसा थांबला नाही. लगोलग जानेवारी १९३० मध्ये ते हीच गाडी घेऊन इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला निघाले. सुमारे पावणेतेराशे किलोमीटरच्या प्रवासाला इंधन लागले १ डॉलर ३८ सेंटचे. प्रदर्शनात प्रवेश मिळाला नाही, तेव्हा जवळच भाड्याची जागा घेऊन त्यांनी गाडी मांडली. बातमी व्हायची ती झालीच! १९३१ मध्ये त्यांची डिझेल मोटार इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत एकदाही न थांबता पूर्ण करून तेरावी आली. पण त्यांचा खरा डोळा मालवाहू ट्रकवर होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन सहकाऱ्यांसह ते डिझेल ट्रकने न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाले. इंधनाचा एकूण खर्च ११ डॉलर २२ सेंट. मात्र कॅलिफोर्नियातील कहोन घाट उतरताना ब्रेक निकामी झाले. ट्रक सुसाट निघाला, पायथ्याशी रेल्वेचे फाटक आणि रुळांवरून मालगाडी चाललेली. तिचा शेवटचा डबा पुढे सरकला आणि ट्रक थोडक्यात वाचला.

यात डिझेलचा एक अंगभूत दोष उघडा पडला. पेट्रोल इंजिनात चालकाने पाय उचलला, की हवेची वाट आवळली जाते आणि इंजिनच गाडीला मागे धरते. डिझेलमध्ये हवा अडवणारी ती झडप नसते. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उसळून दट्ट्याला पुन्हा ढकलते. ओढायला बळकट असलेले इंजिन उतारावर रोखायला दुबळे ठरते. खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्या ट्रकचालकाला हे वेगळे सांगावे लागू नये.

क्लेसी हा प्रसंग विसरले नाहीत. १९५५ च्या निवृत्तीनंतर कॅलिफोर्नियात त्यांनी या प्रश्नाला हात घातला. हवा पूर्ण दाबली गेल्याक्षणी धुराची झडप उघडून ती सोडून दिली, तर उसळी उरत नाही आणि इंजिन गाडीला रोखू लागते. नेमक्या त्याच क्षणी इंधन फवाऱ्याला हलवणारी यंत्रणा इंजिनात आधीच होती. तिच्याकडूनच त्यांनी झडप उघडून घेतली. इंजिन बनवणाऱ्यांनी फारसा उत्साह दाखवला नाही. अखेर ड्रिलचे चक बनवणाऱ्या जेकब्स कंपनीने तो ब्रेक १९६१ मध्ये बाजारात आणला आणि अमेरिकेतील ट्रकचालकांच्या तोंडी तो ‘जेक ब्रेक’ झाला. शोधकर्त्याचे नाव त्यात नाही.

१७ ऑगस्ट १९६८ रोजी क्लेसी कमिन्स यांचे निधन झाले. १९८९ च्या मॉडेलपासून डॉज पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन मिळू लागले. जड ट्रेलर ओढण्यासाठी जुन्या पेट्रोल पिकअपमध्ये हेच इंजिन बसवणारे हौशी कारागीर अमेरिकेत आजही आहेत. त्यांनाही आधी पुढचे स्प्रिंग आणि गिअर बदलावे लागतात. आणि डोंगराळ भागात ट्रेलर न्यायचा असेल, तर धुराच्या नळीत अडसर घालणारा वेगळ्या पद्धतीचा ब्रेकही बसवून घ्यावा लागतो.