नाण्यावरील चेहरा: सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस

कर भरण्याविषयी प्रश्न विचारणाऱ्यांना प्रभू येशूने नाणे दाखवावयास सांगितले आणि त्यावर कोणाची मुद्रा आहे असे विचारले, हा शुभवर्तमानातील प्रसंग आपणा सर्वांस परिचित आहे. अशाच मुद्रांची रोमन नाणी आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या मातीतही निघाली आहेत. दारफळ येथे 1840 च्या सुमारास रोमन सुवर्णनाण्यांचा साठा सापडल्याची नोंद आहे. त्यातील एक सम्राट म्हणजे सेप्टिमियस सेव्हेरस. त्याच्या चरित्राचा ख्रिस्तसभेच्या इतिहासाशी निकटचा संबंध असल्याने येथे आपण त्याचा परिचय करून घेऊ.

सेव्हेरसचा जन्म 145 साली आजच्या लिबियातील लेप्टिस मॅग्ना या नगरात झाला. आफ्रिकेत जन्मलेला तो पहिला रोमन सम्राट होय. 193 साली सम्राट पर्टिनॅक्सचा खून झाला व शरीररक्षक सैनिकांनी राजपदाचा चक्क लिलाव केला. तेव्हा डॅन्यूब नदीकाठच्या सैन्याने सेव्हेरसला सम्राट घोषित केले. पुढील चार वर्षांत त्याने दोन्ही प्रतिस्पर्ध्यांचा पाडाव केला. पार्थियनांची राजधानी टेसिफोनही त्याने लुटली. सैनिकांचे वेतन त्याने वाढविले. परंतु त्यासाठी चांदीच्या नाण्यातील चांदी निम्म्याच्या आसपास आणली.

त्या काळी राजाचा चेहरा प्रजेपर्यंत पोहोचविण्याचे मुख्य साधन नाणे हेच होते. भारतात व्यापारासाठी प्रामुख्याने सोन्याचांदीची नाणी आली. रोमच्या बाजारातील रोजचा व्यवहार मात्र कांशा-पितळेच्या नाण्यांवर चाले. त्यांतील सेस्टर्शियस हे मोठे नाणे संग्राहकांना विशेष प्रिय आहे. कुरळे केस व दुभंगलेली दाढी यांवरून सेव्हेरसची मुद्रा ओळखता येते. सत्पुरुष म्हणून नावाजलेल्या मार्कस ऑरेलियसचा पुत्र म्हणवून घेण्यासाठी त्याने ही ठेवण स्वीकारली होती. नाण्यावरील अधिकारवर्षाच्या आकड्यावरून पुष्कळदा त्याचे सालही ठरविता येते. शतकांच्या ओघात धातूवर चढलेला हिरवट थर जाणते संग्राहक घासून काढीत नाहीत. तो गेला की कोरीव रेषाही झिजतात.

याच सम्राटाच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. 202 साली त्याने यहुदी वा ख्रिस्ती धर्म स्वीकारण्यास बंदी घातली, असा उल्लेख एका उत्तरकालीन ग्रंथात आहे. त्या आज्ञेविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत; छळाविषयी नाहीत. आलेक्झांड्रियात ओरिजेनचे वडील लिओनिदस रक्तसाक्षी झाले. 7 मार्च 203 रोजी कार्थेज येथे, सम्राटपुत्र गेटाच्या वाढदिवसानिमित्त भरविलेल्या खेळांत, नुकताच बाप्तिस्मा घेतलेली बावीस वर्षांची तरुण माता पर्पेत्युआ आणि नुकतीच तुरुंगात प्रसूत झालेली दासी फेलिसिती यांना श्वापदांपुढे सोडून अखेर तलवारीने ठार करण्यात आले. पर्पेत्युआने तुरुंगात लिहिलेली आपली हकीकत आजही उपलब्ध आहे.

208 साली सेव्हेरस ब्रिटनच्या मोहिमेवर गेला आणि 4 फेब्रुवारी 211 रोजी यॉर्क येथे मरण पावला. काराकल्ला व गेटा या दोघा पुत्रांनी एकोप्याने राहावे, ही त्याची शेवटची शिकवण होती. त्याच वर्षाच्या अखेरीस काराकल्लाने धाकट्या भावास आई युलिया डोम्ना हिच्या कुशीत ठार करविले. गेटाचे नाव शिलालेखांवरून खोडले गेले. रोममधील सेव्हेरसच्या विजयकमानीवर ती खाडाखोड आजही दिसते. हातोहात पसरलेली त्याची नाणी मात्र सर्वच्या सर्व नष्ट करता आली नाहीत.

ज्याच्या वाढदिवसासाठी दोन मातांचे रक्त सांडले, त्याचे नाव पुसण्यास परका शत्रू लागला नाही, सख्खा भाऊ पुरेसा झाला. त्या दोघी मातांची मुद्रा कोणत्याही टांकसाळीने पाडली नाही. तरीही मिस्सातील रोमन कॅनन या प्रार्थनेत त्यांची नावे आजही घेतली जातात आणि 7 मार्चला ख्रिस्तसभा त्यांचे स्मरण करते. संग्रहालयात एखादे रोमन नाणे पाहण्याचा योग आला, तर त्यावरील चेहऱ्याबरोबर या बिनमुद्रेच्या साक्षीदारांचीही आपण आठवण ठेवू या.