समुद्राच्या निळाईचा हिशेब

ओंजळीत घेतलेले पाणी निळे नसते. मग समुद्र निळा का? घरातले एखादे पोर हा प्रश्न विचारतेच, आणि आकाशाचे प्रतिबिंब, असे सांगून आपण मोकळे होतो. हे मत कुणा ऐऱ्यागैऱ्याचे नव्हते. आकाशाच्या निळाईचे कोडे सोडवणारे इंग्लंडचे लॉर्ड रॅले यांनीच ते मांडले होते. त्याला हरकत घेतली ती सरकारी हिशेबखात्यात दहा वर्षे काढलेल्या एका माणसाने. त्यांचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन.

रामन म्हटले की आपल्याला १९३० चे नोबेल आठवते. मला मात्र त्यांच्या आयुष्यातले १९१७ हे साल अधिक मोलाचे वाटते.

७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीला जन्मलेल्या या मुलाचा पहिला शोधनिबंध अठराव्या वर्षीच विलायतेत छापून आला होता. पण संशोधनावर संसार चालेल अशी सोय देशात नव्हती. म्हणून अर्थखात्याची परीक्षा दिली आणि १९०७ मध्ये ते कलकत्त्याला असिस्टंट अकाउंटंट जनरल झाले. तिथे ट्रामने जाताना बोबझार रस्त्यावर त्यांना एका विज्ञानसंस्थेची पाटी दिसली. डॉ. महेंद्रलाल सरकारांनी १८७६ मध्ये काढलेली ही संस्था तेव्हा जवळजवळ ओस पडली होती. कचेरीच्या आधी आणि कचेरी सुटल्यावर रामन तिथे प्रयोग करू लागले. मध्यंतरी रंगूनला आणि आपल्या नागपूरलाही बदली झाली, पण १९११ मध्ये ते कलकत्त्याला परतले.

१९१७ मध्ये सर आशुतोष मुखर्जींनी त्यांना विद्यापीठात प्राध्यापकपद देऊ केले. पगार मात्र जवळपास निम्मा! संसारी माणूस, पक्की सरकारी नोकरी, पुढे बढती ठरलेली. आजही असा निर्णय घ्यायचा तर घरोघर काय वादळ उठेल, ते वाचकांना सांगायला नको. रामन यांनी नोकरी सोडली.

चार वर्षांनी ऑक्सफर्डच्या परिषदेहून ते नारकुंडा बोटीने परतत होते. भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने त्यांना पछाडले. खिशात निकोलचा लोलक होता. पाण्यावरून विशिष्ट कोनात परावर्तित होणारा प्रकाश या लोलकाने अडवता येतो. त्यांनी तो डोळ्यापुढे धरून फिरवला. आकाशाचे प्रतिबिंब पुसले गेले, तरी समुद्र निळाच होता. उलट अधिकच निळा दिसू लागला. म्हणजे हा रंग पाण्याच्या आतून येत होता. सप्टेंबर १९२१ मध्ये बोट मुंबई बंदरात असतानाच त्यांनी हे टिपण विलायतेतील 'नेचर'कडे धाडले.

पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात आणि निळा अधिक विखुरतात, हे रामन यांचे म्हणणे. ते खरेच आहे, पण आज त्यात एक भर घालावी लागते. पदार्थाचा रंग म्हणजे त्याने गिळून उरलेला प्रकाश. टोमॅटो निळा-हिरवा प्रकाश शोषतो, म्हणून लाल दिसतो. पाणी तांबडा प्रकाश शोषते, कारण त्याच्या रेणूतील हायड्रोजन आणि ऑक्सिजनची जोडी त्या ऊर्जेने थरथरू शकते. पण हे शोषण इतके थोडे, की ओंजळीत कळत नाही. अनेक मीटर खोल पाण्यात मात्र तांबडा संपतो आणि निळा उरतो. जड पाण्यात ही थरथर मंद असते, म्हणून तांबडा वाचतो आणि ते पाणी रंगहीन राहते. रामन यांनी या शोषणाला दुय्यम स्थान दिले होते.

गंमत अशी, की रेणूंची ही थरथर ओळखायचे साधन त्यांनीच जगाला दिले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, के. एस. कृष्णन यांच्यासह चाललेल्या प्रयोगांतून, त्यांना दिसले की एका रंगाचा प्रकाश द्रवातून जाताना त्यातला अगदी थोडा भाग रंग बदलून बाहेर येतो. जी ऊर्जा कमी भरते ती रेणूने स्वतःच्या कंपनासाठी ठेवून घेतलेली असते. किती कमी भरली ते मोजा, रेणू कसा थरथरतो ते कळते. जुन्या हिशेबनिसाला साजेशीच रीत!

पुढे बंगळुरूला त्यांनी १९४८ मध्ये स्वतःची संस्था उभारली. उतारवयात हिरे, पाखरांची पिसे, फुलांचे रंग यांतच ते रमले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी ते गेले. संस्थेच्या बागेतच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.