तिग्रान पेट्रोशियन : सांभाळून खेळणारा जगज्जेता

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा सचिवांचा आग्रह झाला. सोसायटीचा इतिहास इतर मंडळी लिहितीलच. मी आपला माझ्या आवडीच्या विषयाकडे, म्हणजे बुद्धिबळाकडे वळतो. विदित गुजराथीमुळे आज नाशिकच्या शाळकरी मुलांनाही ग्रँडमास्टर म्हणजे काय ते ठाऊक आहे. आमच्या तरुणपणी ग्रँडमास्टर म्हटलं की सोव्हिएत रशियाचीच नावं पुढे यायची. बोटविनिक, ताल, स्पास्की. त्यांतला मला सगळ्यांत जवळचा वाटला तो तिग्रान पेट्रोशियन. १९६३ ते १९६९ अशी सहा वर्षं तो जगज्जेता होता. तरी बाकीच्यांच्या मानाने त्याचं कौतुक कमीच झालं.

पेट्रोशियन जातीचा आर्मेनियन, पण जन्म जॉर्जियातल्या तिफ्लिस शहरातला, १७ जून १९२९ चा. वडील लष्करी अधिकाऱ्यांच्या क्लबची इमारत सांभाळायचे. आपल्या भाषेत केअरटेकर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आईवडील दोघंही गेले. मिसरूडही नीट न फुटलेल्या या मुलाने पोटासाठी हातात झाडू घेतला आणि रस्ते झाडले. त्याच सुमारास त्याला ऐकू कमी येऊ लागलं, ते कायमचंच.

अशा दिवसांत त्याने पैसे साठवून निम्झोविच या थोर खेळाडूचं पुस्तक घेतलं आणि अक्षरशः पाठ केलं. आपला हल्ला रचण्याआधी समोरच्याला काय करायचंय ते ओळखा आणि ते आधीच बंद करा, ही त्यातली शिकवण. ज्याच्या घरावर एकामागून एक संकटं आली, त्याला ती पटली नसती तरच नवल! पुढे तो येरेवानला आणि १९४९ मध्ये मॉस्कोला गेला. १९५२ मध्ये ग्रँडमास्टर झाला.

लोक मात्र त्याच्या खेळाला कंटाळवाणा म्हणायचे. तालसारखी आतषबाजी त्याच्याकडे नव्हती. बरोबरीचे डाव फार. १९६२ साली कुरासाओ बेटावर आव्हानवीर ठरवायची स्पर्धा झाली. २७ डावांत तो एकही हरला नाही. ८ जिंकले, १९ बरोबरीत सोडवले आणि अर्ध्या गुणाने पहिला आला. सोव्हिएत खेळाडू आपसांत ठरवून बरोबरी करतात, असा जाहीर आरोप बॉबी फिशरने केला. त्या बरोबऱ्यांवर आजही वाद होतो. पण पुढच्याच वर्षी समोर बोटविनिक होता, तिथे कुणाची मेहेरबानी नव्हती. पेट्रोशियनने त्याला १२.५–९.५ असं हरवलं.

मी उभी हयात बँकेत कर्जखात्यांवर सह्या करण्यात घालवली, म्हणून मला याचं मोल कळतं. बुडालेलं कर्ज सगळ्यांना दिसतं, त्याची चौकशी होते. पण कागद नीट वाचून जे कर्ज दिलंच नाही, त्याबद्दल कुणी हार घालत नाही. टळलेलं संकट दिसत नाही हो! पेट्रोशियनचं नेमकं हेच झालं. समोरच्याचा हल्ला तो जन्मालाच येऊ द्यायचा नाही. मग बघणाऱ्यांना वाटायचं, डावात काही घडलंच नाही.

पण तो भित्रा नव्हता. गरज पडली की हत्ती देऊन बदल्यात नुसता घोडा किंवा उंट घ्यायचा. हिशेबात तोटा, पण पटावर पकड त्याची. १९६६ च्या सामन्यात दहाव्या डावात त्याने स्पास्कीविरुद्ध चक्क वजीर दिला, तोही राजाला शह देत. आणि डाव जिंकला. तो सामना जिंकून त्याने पद राखलं. गादीवरच्या जगज्जेत्याने आव्हानवीराला सरळ हरवण्याची ही १९३४ नंतरची पहिलीच वेळ. १९६९ मध्ये मात्र त्याच स्पास्कीकडून तो हरला.

१९७१ मध्ये सेव्हिल इथे रस्त्यावरच्या गोंगाटाने प्रतिस्पर्धी ह्युबनर हैराण झाला. पेट्रोशियनने म्हणे कानातलं यंत्र बंद केलं आणि शांतपणे खेळत बसला! उणिवेचाही असा उपयोग. त्याच वर्षी तैमानोव्ह आणि लार्सन यांना प्रत्येकी ६–० असं धुऊन आलेल्या फिशरला दुसऱ्याच डावात हरवलं ते यानेच. सामना अखेर फिशरने ६.५–२.५ असा जिंकला, हेही सांगायला हवं. ऑलिम्पियाडमध्ये मात्र तो दहा वेळा खेळला आणि १२९ डावांत फक्त एक हरला.

१३ ऑगस्ट १९८४ रोजी पोटाच्या कॅन्सरने मॉस्कोत त्याचं निधन झालं. आर्मेनियाने त्याला विसरू दिलं नाही. येरेवानच्या बुद्धिबळ भवनाला त्याचं नाव आहे. तिथल्या शाळांत बुद्धिबळ हा सक्तीचा विषय आहे. आणि २०१८ पासून त्यांच्या दोन हजार द्रामच्या नोटेवर त्याचं चित्र आहे. जन्मभर नोटा मोजलेल्या माणसाला याहून मोठा सन्मान सुचत नाही.

रस्ते झाडणारा, कमी ऐकू येणारा, अनाथ मुलगा इथवर पोचला, कारण तिफ्लिसमध्ये मुलांना फुकट बुद्धिबळ शिकवणारी जागा होती आणि तिथे त्याला कुणी दारात अडवलं नाही. आपल्या सोसायटीतही सुट्टीत मुलं पार्किंगमध्ये पट मांडून बसतात. वॉचमनची आणि कामाला येणाऱ्या बायकांची मुलं बाजूला उभी राहून बघतात. पालकांनो, त्यांनाही बसवून घ्या. एक पट, बत्तीस सोंगट्या, खर्च तो काय? मोहरे कसे चालतात ते शिकवायला मी संध्याकाळी मोकळाच असतो.