कोसंबींच्या प्रमेयाची उपेक्षा

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव उच्चारताच इतिहासकार आठवतो. मात्र कोसंबी मूळचे गणितज्ञ. विमानातून वा उपग्रहावरून टिपलेल्या प्रतिमा थोडक्या आकड्यांत साठवण्याच्या शास्त्राला आधारभूत ठरलेले प्रमेय त्यांनी १९४३ मध्येच मांडले होते.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध वाङ्मयाचे गाढे पंडित. त्यांच्यासमवेत १९१८ मध्ये अमेरिकेस गेलेले दामोदर १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतले. बनारस व अलिगढ येथे अध्यापन करून १९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. तेथे असतानाच भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात त्यांचा तो निबंध प्रसिद्ध झाला.

प्रमेयाचा व्यवहारातील अर्थ सोपा आहे. समजा, हिंगोली जिल्ह्यातील कनेरगाव नाक्याच्या शिवारावरून विमान गेले आणि त्यातील संवेदकाने प्रत्येक ठिकाणचा प्रकाश बारा वर्णपट्ट्यांत नोंदवला. सोयाबीनचे हिरवे रान असो वा नांगरलेली काळी जमीन, हे बारा आकडे बहुतांशी एकमेकांबरोबरच चढतात-उतरतात. म्हणजे तीच माहिती पुनःपुन्हा नोंदली जाते. या परस्परसंबंधांचे सांख्यिकी विश्लेषण करून आकड्यांची अशी नवी मांडणी करता येते, की त्यांचा परस्परसंबंध उरत नाही आणि बहुतेक सारी माहिती पहिल्या दोन-तीन घटकांत एकवटते. उरलेले घटक वगळले, तरी सरासरी चूक शक्य तितकी कमी राहते. १९७० च्या दशकात अशा प्रतिमांसाठी ही पद्धत वापरात आली, तेव्हा कोसंबी हयात नव्हते.

कोसंबींनंतर काही वर्षांतच फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह हे स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाप्रत पोहोचले व प्रमेयाला त्यांचीच नावे चिकटली. महायुद्धाच्या धामधुमीत भारतीय नियतकालिक परदेशी अभ्यासकांच्या हाती कितीसे पडणार?

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. पुणे-मुंबई प्रवास ते डेक्कन क्वीनने करीत. पुढे मतभेद विकोपाला गेले. रीमानचे गृहीतक सिद्ध केल्याचा त्यांचा दावाही, तोही शेती-सांख्यिकीच्या नियतकालिकात केलेला, गणितज्ञांनी मान्य केला नाही. १९६२ मध्ये संस्थेशी असलेला त्यांचा संबंध संपला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

अलीकडे काही लेखक प्रमेयाच्या नावात कोसंबींना अग्रस्थान देऊ लागले आहेत. पाठ्यपुस्तकांत मात्र बहुधा उरलेली दोनच नावे आढळतात.