पदकामागचे गहाण घर

जत्रेतल्या फडात हलगी वाजते, माती उधळते, हे आपल्याला नवीन नाही. अशाच मातीतून आलेल्या एका मल्लाने स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. त्याचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

जन्म १५ जानेवारी १९२६, कराडजवळचे गोळेश्वर. वडीलही पैलवान. पुढे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकायला गेले. अंगाने किरकोळ, पण चपळाई विलक्षण! प्रतिस्पर्ध्याची मान पकडीत घेऊन त्याला खाली फेकायचे, हा 'ढाक' डाव त्यांचा हुकमी.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिंपिकला गेले. तिथे माती नव्हती, गादी होती आणि नियमही वेगळे. रीस गार्डनर यांच्याकडून ते शिकून घेत त्यांनी ५२ किलो गटात सहावा नंबर काढला.

१९५२ ला हेलसिंकीला जायचे, तर खिशात पैसे नाहीत. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. पण खरी कमाल केली ती राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी. विद्यार्थ्यासाठी स्वतःचे राहते घर गहाण टाकून त्यांनी ७००० रुपये उभे केले. विचार करा, कोण करतं हो असं?

हेलसिंकीत ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या इशीबरोबरची लांबलेली लढत थोडक्यात गेली. लगेच रशियाच्या मामादबेयोवशी लढायला बोलावले. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता. थकलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदक मिळाले.

परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण मिरवणुकीत ते रमले नाहीत. कुस्त्या मारून त्यांनी पैसे जमवले आणि सरांचे घर आधी सोडवले.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघाती निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दुसरे वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडले, म्हणजे तब्बल ४४ वर्षे!

हेलसिंकीच्या गादीवर खाशाबा एकटे पडले, पण तिथवर ते एकटे गेले नव्हते. आपल्याही फीसाठी घरी कुणीतरी काहीतरी गहाण टाकलेलं असतं. ते सोडवायची आठवण राहिली, तर डिग्रीचं सार्थक झालं म्हणायचं.