आनंदीबाईंचा क्षय

कल्याणला ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना ९व्या वर्षी गोपाळराव जोशींची पत्नी होऊन आनंदी झाली. १४व्या वर्षी झालेला मुलगा उपचारांअभावी १० दिवसांत दगावला आणि डॉक्टर व्हायचे तिने मनावर घेतले. १८८३ मध्ये गोपाळरावांना इथेच ठेवून आनंदीबाई बोटीने अमेरिकेला गेल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली, पण तोवर क्षयाने त्यांना गाठले होते.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवला होता. औषध मात्र नव्हते. हा जंतू फुप्फुसात शिरला की आपल्या पेशी त्याला वेढून गाठ बांधतात आणि बहुतेकांत तो तिथेच कोंडला जातो. शरीर खचले की गाठ आतून विरघळते, फुप्फुसाला पोकळ्या पडतात. ही नासधूस जंतूपेक्षा आपल्याच चवताळलेल्या पेशींची रसायने जास्त करतात. उंदरांपासून येणाऱ्या हंता विषाणूच्या आजारातही फुप्फुसात पाणी भरते, ते मुख्यतः असल्याच अतिरेकामुळे. फक्त तिथे सारे काही दिवसांत उरकते.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाची नेमणूक आनंदीबाईंच्या हाती होती. रुजू होणे झाले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वय २१. पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडले १९४३ मध्ये.

नागपुरात आमच्याकडे त्याच वयाच्या मुली आजही क्षय घेऊन येतात. गोळ्या ६ महिने नेमाने घेतल्या, तर बहुतेक जणी बऱ्या होतात. दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून गोळ्या सोडणाऱ्या मात्र पुन्हा भेटतात.