लोखंडी नांगराने जमीन नासते का? : लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकीकत

लाइट गेली की गावच्या पारावर जे विषय निघतात ते मला फार आवडतात. मागे एका गावी सभा आटोपून बसलो होतो. तिथे एका तरुण शेतकऱ्याने विचारले की बैलजोडी गोल फिरवून डायनामो चालवला, तर विहिरीवरची पाच हॉर्सची मोटर चालेल का? मंडळी हसली. मी मात्र खिशातून कागद काढला. चांगली जोडी सतत चालून साधारण एका हॉर्सपॉवरच्या आतबाहेर काम देते. शिवाय पट्टे, चाके आणि डायनामो यांत काही शक्ती वाया जाणारच. म्हणजे पाच हॉर्सला निदान सात-आठ जोड्या जुंपाव्या लागतील. उत्तर नाही असेच आले, पण ते हिशेबाने आले. आधी हसलेले दोघे-तिघेही कागदावर वाकून बघायला लागले.

असे प्रश्न विचारणाऱ्याला गावात जरा खुळ्यातच काढतात. म्हणून आज अशाच एका खुळ्याची हकीकत सांगतो. त्यांचे नाव तुमच्या विहिरीवरच्या पंपावर किंवा जुन्या इंजिनावर तुम्ही वाचलेले असेल. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. यंत्रशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. ते होते ड्रॉइंग मास्तर.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर इथला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे मन पुस्तकी अभ्यासात रमेना. त्याला दोनच गोष्टींचा नाद, चित्रे काढायची आणि यंत्रे खोलून बघायची. चित्रकला शिकायला म्हणून १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे दोनेक वर्षांत कळले की त्यांना काही रंगांतला फरकच दिसत नाही. चित्रकाराला याहून मोठे संकट ते कोणते! पण रेघेला रंग लागत नाही. त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचे शिक्षण घेतले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवायला लागले.

शिकवण्याचा तास संपला की मास्तर कारखान्याच्या खोलीत. वाफेचे इंजिन कसे चालते, लेथवर काय होते, साचा कसा करतात, हे त्यांनी हाताने करून शिकून घेतले. यंत्रांविषयीची परदेशी मासिके आणि पुस्तके वाचायची, कळले नाही ते करून बघायचे. याच काळात मुंबईत त्यांना एक गृहस्थ सायकलवर जाताना दिसले. दोन चाकांवर माणूस पडत कसा नाही, हा प्रश्न त्या वेळी पुष्कळांना पडला असेल. यांनी सायकली मागवून बेळगावला भाऊ रामूअण्णांकडे विकायला धाडल्या. तिथे १८८८ साली किर्लोस्कर ब्रदर्स हे सायकलचे दुकान निघाले.

पुढे १८९७ मध्ये नोकरीत बढतीची पाळी आली. यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. सरकारी नोकरीत असलेल्या माझ्यासारख्याला असा राजीनामा लिहायला काय लागते याची थोडी कल्पना आहे. असो.

बेळगावात सायकली होत्याच. शिवाय पाणी उपसण्याच्या अमेरिकन पवनचक्क्या मागवून विकणे सुरू झाले. पण दुसऱ्याचा माल विकण्यात त्यांचे मन भरेना. स्वतः काही करायचे तर काय, याचे उत्तर त्यांना गोठ्यात सापडले. जनावराला अख्खा कडबा टाकला तर ते पाला आणि शेंडा खाते, बुडखा तुडवते. तोच कडबा बारीक करून टाकला तर गव्हाणीत थोडाच उरतो. दुष्काळी मुलखात हा वाचलेला बुडखा म्हणजे जनावराचे पोटच. तेव्हा कडबा कापण्याचे यंत्र ही त्यांची सुरुवातीची वस्तू. मग ते नांगराकडे वळले.

इथे जरा थांबून आपला जुना लाकडी नांगर डोळ्यांसमोर आणा. तो जमीन फोडतो, उकरतो, पण पालथी करत नाही. माती दोन्ही बाजूंना सरकते आणि तणाची मुळे बरीचशी जागेवर राहतात. कृष्णाकाठच्या काळ्या रानात हराळी आणि कुंदा एकदा बसला की काय हाल होतात ते मी तुम्हाला काय सांगावे! लोखंडी नांगराला फाळाच्या मागे एक पिळदार पत्रा असतो. फाळाने कापलेला मातीचा पट्टा त्यावरून चढतो, वळतो आणि पालथा पडतो. गवताचे मूळ वर येते आणि उन्हाने वाळते. सगळी करामत त्या पत्र्याच्या पिळात आहे. पीळ कमी पडला तर माती नुसती ढकलली जाते, जास्त झाला तर ओढ वाढून बैल थकतात. ड्रॉइंग मास्तराला साजेसाच प्रश्न होता तो.

इंग्लंडचे लोखंडी नांगर तेव्हा इकडे येत होते, पण महाग. लक्ष्मणरावांनी १९०३ च्या सुमारास स्वतःचा नांगर तयार केला. आणि तो कोणी घेईना! लोखंडामुळे जमिनीत विष उतरते, पिकाला बाधा होते, अशी समजूत पसरली होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली.

ही गोष्ट भाषणांतून सांगताना आमच्या खात्यातली मंडळीही शेतकऱ्याच्या अडाणीपणावर बोट ठेवतात आणि पुढे जातात. मला हे पटत नाही. एकतर ही समजूत एकट्या आपल्या शेतकऱ्याची नव्हे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्ड याने १७९७ मध्ये बिडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीही जमिनीत विष उतरते आणि तण वाढते असेच म्हणून तो नाकारला होता. दोन मुलूख, मध्ये शंभर वर्षे आणि सात समुद्र, पण शंका तीच. मग तिच्यात काहीतरी असले पाहिजे.

विष तर नक्कीच नव्हे. आपल्या मातीत मुळातच भरपूर लोखंड असते, आणि लाकडी नांगराचा फाळसुद्धा लोखंडाचाच होता की! पण हलक्या रानात खोल नांगरट करून खालचा मुरूम वर काढला, किंवा चोपण रानात खालची खारी माती वर आणली, तर पहिल्या वर्षी पीक खरोखर बसते. वाफसा नसताना ओल्या रानात नांगर घातला तर विटेसारखी ढेकळे निघतात. ज्याच्या रानात असे झाले, त्याने लोखंडाला दोष दिला. कारण चुकले होते, पण डोळ्यांनी पाहिलेले खोटे नव्हते.

दुसरी गोष्ट ओढीची. बैल आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी ओढ दिवसभर देऊ शकतो. चारशे किलोचे दोन बैल धरले तर ऐंशी किलो. काळ्या रानात उन्हाळ्यात खोल नांगरटीला एवढ्याने भागत नाही. चार, सहा, प्रसंगी आठ बैल जुंपावे लागत. ज्याच्या दावणीला एकच जोडी, त्याने पैरा करायचा, सावडीने चार घरच्यांचे बैल गोळा करायचे. नुसता नांगर घेऊन त्याचे भागत नव्हते.

तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत मोठी. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देत असे, फाळ बोथटला तर लोहार शेवटून देई. पैसा लागत नव्हता, दिवस मोडत नव्हता. बीड हे तसे लोखंड नव्हे. ते ओतीव असते. ठोकायला गेले तर तुकडे होतात, लोहाराच्या हातोड्याला दाद देत नाही. नांगराचा बिडाचा भाग नांगरटीच्या दिवसांत फुटला तर शेतकऱ्याने जायचे कुठे? न्यूबोल्डचा नांगर बहुतेक सगळा एकसंध ओतलेला होता. एक कोपरा फुटला की सगळाच गेला. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या जेथ्रो वूडने १८१९ च्या पेटंटात सुटे, बदलता येणारे भाग केले, तेव्हा तिकडे बिडाचा नांगर चालला. किर्लोस्करी नांगराचा फाळही बोल्टाने बसवलेला. झिजला की काढायचा, नवा लावायचा. सुटा फाळ जवळच्या बाजारात मिळायला लागला तसा विषाचा विषय मागे पडत गेला, असे मला वाटते.

हे मी वाचून सांगत नाही, पाहून सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका ठिकाणी योजनेतून आलेले पेरणीयंत्र मी मोठ्या उत्साहाने दाखवले. दुसऱ्या दिवशी त्याची एक स्प्रिंग तुटली. पाच-पन्नास रुपयांची वस्तू, पण तालुक्यात मिळेना आणि वरून येईना. तो हंगाम गेला, पुढचाही गेला. यंत्र गोदामात, त्यावर कबुतरे. आणि अहवालात शब्द गेले की शेतकऱ्यांचा प्रतिसाद अल्प. ग्रामसेवक मंडळींना असे शब्द ओळखीचे असतील.

पुन्हा लक्ष्मणरावांकडे येऊ. धंदा जरा सावरतो तोच बेळगावच्या म्युनिसिपालटीने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितले. ओतशाळा, लेथ आणि माणसे घेऊन जायचे कुठे? औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार, लक्ष्मणरावांचे स्नेही. त्यांनी औंधात एका बांधकामाचे काम यांना दिले होते. पेच कळल्यावर त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली, आणि वर दहा हजार रुपयांचे कर्ज. कुंडल रोड स्टेशनजवळचा बत्तीस एकरांचा माळ. निवडुंग माजलेले, सापांचा सुळसुळाट, पाण्याची ओढ. फुकट दिला तरी शेतकरी पेरणार नाही असले रान. पंचवीसेक कामगार आणि त्यांची बायकामुले घेऊन लक्ष्मणराव तिथे आले. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिवस. आज ते गाव सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे आणि स्टेशनलाही तेच नाव आहे.

आधी निवडुंग तोडला, मग छपरे उभारली, मग भट्टी पेटवली. वाडीत शिवाशीव पाळायची नाही हा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या राखणीवर ठेवले, हेही त्या काळच्या मानाने धाडसाचेच.

चार वर्षांत पहिले महायुद्ध लागले. परदेशी नांगर यायचे थांबले, त्यामुळे मागणी यांच्याकडे वळली. पण कच्चे लोखंडही मिळेना. गिऱ्हाईक दारात आणि भट्टी थंड, अशी अवस्था. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या निकामी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे फाळ झाले. आपल्या भागात कुणाच्या गोठ्यात त्या काळचा फाळ गंजत पडला असेल, तर तो कधीकाळी पन्हाळ्याच्या बुरुजावर असण्याचा संभव आहे बरे!

पुढची वाढ झपाट्याची आहे. १९२० मध्ये कंपनी लिमिटेड झाली. त्याच वर्षी किर्लोस्कर खबर हे मासिक निघाले. उसाचे चरक, शेंगा फोडण्याचे यंत्र आणि १९२६ मध्ये पंप. मोटेच्या जागी पंप आला तेव्हा नांगराच्या वेळचे प्रश्न नव्या रूपात पुन्हा उभे राहिले. नाडा तुटला तर गावात मिळत होता, वॉशर मिळत नव्हता. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव, ज्यांचा जन्म नांगराच्याच साली, १९०३ चा, ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला यंत्रशास्त्र शिकून आले. बापाने जे करून करून शिकले ते मुलाने वर्गात बसून शिकले, आणि नंतर पुणे, बंगलोर, हरिहर असा कारखान्यांचा पसारा वाढला. त्याची हकीकत वेगळी आहे, आज त्यात शिरत नाही.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. १९८९ साली त्यांच्या जन्मदिवशी टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आमच्या गोठ्यामागे आजोबांचा लोखंडी नांगर अजून पडून आहे. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला कोणी हात लावलेला नाही. मध्यंतरी मी तो घासून पाहिला. रुमणे मोडलेले, पत्र्याला भोक पडलेले. फाळ मात्र बाकीच्या भागांपेक्षा बराच नवा दिसतो आणि त्याच्या बोल्टांपैकी एक वेगळ्याच मापाचा आहे, कोणीतरी दुसऱ्या कशाचा तरी काढून बसवलेला. वडिलांना विचारले, तर त्यांनी सांगितले की तो रहाटाचा. आजोबांनी हंगामात एका रात्रीत कंदिलाच्या उजेडात बसवला होता आणि सकाळी सहा बैल जुंपले होते.